जाळलेला कागद आणि उरलेली प्रत: १९५६ च्या सुएझ कटाचा पुरावा

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की गाईड एक प्रश्न हमखास विचारतात: तुमचा पुरावा कुठून येणार? सायन्सवाल्यांना उत्तर सोपं वाटतं. प्रयोग करू, रीडिंग घेऊ, नोंदवही भरू. पण समजा, ज्या घटनेचा शोध घ्यायचा आहे ती घडवणाऱ्यांनीच तिची नोंद होऊ नये अशी काळजी घेतली असेल तर? आणि जी नोंद झाली तीही जाळून टाकली असेल तर?

माझं एमएस्सी रसायनशास्त्रातलं. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा जो पेपर असतो, त्यात डेटा लपवणं, बदलणं, गाळणं यावर बरंच काही येतं. उदाहरणं मात्र बहुतेक प्रयोगशाळेतली असतात. या विषयावर मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं उदाहरण इतिहासातलं आहे, तेही ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयातलं. म्हणून आज सुएझ. तुमचा विषय कुठलाही असो, वाचून ठेवा.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाला. १८७५ मध्ये इजिप्तचा खेदिव्ह कर्जात बुडालेला असताना डिझरायली यांनी त्याचे शेअर, म्हणजे कंपनीचा साधारण ४४ टक्के हिस्सा, जवळपास ४० लाख पौंडांना ब्रिटनसाठी विकत घेतले. १८८२ मध्ये ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये घुसली ती पुढची सात दशकं या ना त्या रूपात तिथेच राहिली. १९५४ च्या करारानुसार शेवटचे सैनिक जून १९५६ मध्ये बाहेर पडले. नंतरच्या महिन्यात, १९ जुलैला, अमेरिकेने अस्वान धरणासाठी देऊ केलेली मदत मागे घेतली. २६ जुलैला अलेक्झांड्रियाच्या सभेत नासेर यांनी सुएझ कालवा कंपनीचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. भाषणात कालवा बांधणाऱ्या द लेसेप्सचं नाव उच्चारलं की कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घ्यायच्या, असा संकेत ठरला होता. नासेर यांनी ते नाव पुन्हा पुन्हा घेतलं. एखाद्या वेळी कुणाला ऐकू आलं नाही असं व्हायला नको!

त्या रात्री लंडनमध्ये पंतप्रधान अँथनी ईडन इराकचे राजे फैसल यांना मेजवानी देत होते. बातमी तिथेच पोचली. ईडन यांनी काही दिवसांतच लष्करी तयारीचे आदेश दिले.

पण इथे एक अडचण होती, आणि पुढचं सगळं प्रकरण त्या अडचणीतून निघालं. नासेर यांनी भागधारकांना भरपाई देऊ म्हटलं होतं. कंपनीची नोंदणी इजिप्तमधलीच. सप्टेंबरच्या मध्यात परदेशी पायलट काम सोडून गेले, म्हणजे जहाजांना कालव्यातून वाट दाखवणारे तज्ज्ञ. आता कालवा बंद पडणार असं लंडन आणि पॅरिसला वाटत होतं. बंद पडला नाही. इजिप्शियन आणि नव्याने भरती केलेल्या पायलटांनी जहाजं नीट पार केली. म्हणजे कालवा चालू, भरपाई कबूल, आणि कायद्याच्या दृष्टीने युद्धाला भक्कम कारण नाही. ऑगस्टमध्ये लंडनला २२ देशांची परिषद झाली, तिथे कृष्ण मेनन यांनी भारताचा वेगळा, तडजोडीचा प्रस्ताव मांडला. ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत सहा तत्त्वांवर एकमतही झालं. वाटाघाटींचा रस्ता उघडा होता. ज्यांना नासेर यांना हटवायचंच होतं, त्यांच्यासाठी हीच पंचाईत.

१४ ऑक्टोबरला दोन फ्रेंच पाहुणे ईडन यांच्या चेकर्स इथल्या निवासस्थानी गुपचूप आले: मंत्री आल्बेर गाझिए आणि जनरल मोरिस शाल. परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री अँथनी नटिंग हजर होते. ईडन यांचे सचिव गाय मिलार्ड सवयीप्रमाणे टिपणं घ्यायला लागले, तेव्हा ईडन यांनी त्यांना थांबवलं. लिहून घ्यायचं नाही. शाल यांची योजना अशी होती: इस्रायलने सिनाईमधून इजिप्तवर हल्ला करायचा, मग ब्रिटन आणि फ्रान्सने दोन्ही बाजूंना कालव्यापासून दूर व्हायला सांगायचं, आणि भांडण सोडवायला आलो म्हणून कालवा ताब्यात घ्यायचा. म्हणजे आग लावणाऱ्यांपैकीच दोघांनी बंब घेऊन यायचं.

२२ ते २४ ऑक्टोबर या काळात पॅरिसजवळच्या सेव्र गावातल्या एका खासगी बंगल्यात बैठका झाल्या. इस्रायलकडून बेन गुरियन, मोशे दायान, शिमॉन पेरेस. फ्रान्सकडून पंतप्रधान गी मोले, परराष्ट्रमंत्री पिनो, संरक्षणमंत्री बूर्जेस-मोनूरी. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड पहिल्या दिवशी आपले सचिव डोनाल्ड लोगन यांना घेऊन आले. लंडनमध्ये त्यांना सर्दी झाल्याचं सांगून ठरलेले कार्यक्रम रद्द केले होते. शेवटच्या दिवशी लॉइड आले नाहीत. त्यांच्या जागी परराष्ट्र खात्याचे वरिष्ठ अधिकारी पॅट्रिक डीन आले, सोबत पुन्हा लोगन.

आणि इथे ईडन यांच्या दृष्टीने घात झाला. चर्चा संपल्यावर जे ठरलं ते टाइप करून समोर ठेवलं गेलं. फ्रेंच भाषेतली तीन पानं, सात कलमं. असा कागद तयार होईल याची डीन आणि लोगन यांना कल्पना नव्हती. जे ठरलं त्याचीच नोंद आहे असं बघून डीन यांनी सही केली. फ्रान्सकडून पिनो, इस्रायलकडून खुद्द बेन गुरियन. प्रती तीन. दायान यांचे सहायक मॉर्देखाय बार-ऑन तिथे हजर होते. बेन गुरियन यांनी आपली प्रत नीट घडी घालून वेस्टकोटच्या खिशात खोल सारली, असं त्यांनी नोंदवलंय. लेखी कागदासाठी बेन गुरियन यांचाच आग्रह होता, आणि त्यांचं कारण सरळ होतं: ब्रिटनवर त्यांचा विश्वास नव्हता. ऐन वेळी लंडनने हात झटकले तर इस्रायल एकटा पडणार. आपण जो कागद अभ्यासतो तो तयार का झाला, कुणाला तो हवा होता आणि कुणाला नको होता, हे विचारल्याशिवाय त्याचं वाचन पूर्ण होत नाही. सेव्रचा प्रोटोकॉल अविश्वासातून जन्मला म्हणून तो आज आहे.

डीन लंडनला परतले, कागद ईडन यांच्या हाती दिला. लेखी नोंद पाहून ईडन हादरले. दुसऱ्याच दिवशी डीन आणि लोगन यांना पुन्हा पॅरिसला पाठवलं: फ्रेंचांना त्यांची प्रत नष्ट करायला सांगा. फ्रेंच परराष्ट्र खात्यात दोघांना बराच वेळ बसवून ठेवलं गेलं, आणि शेवटी उत्तर आलं की हे शक्य नाही. इस्रायलची प्रत तर केव्हाच निघून गेलीये. ब्रिटिश प्रत मात्र जाळण्यात आली. फ्रेंच प्रत नंतर कुठेतरी हरवली.

आता त्या कागदात काय होतं आणि प्रत्यक्ष काय झालं ते शेजारी ठेवून बघा. कागद म्हणतो: २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी इस्रायल मोठा हल्ला करेल. २९ ला संध्याकाळी इस्रायली छत्रीधारी सिनाईतल्या मितला खिंडीजवळ उतरले. कागद म्हणतो: ३० ला ब्रिटन-फ्रान्स दोन्ही पक्षांना कालव्यापासून १० मैल मागे हटायला सांगतील, मुदत १२ तास. ३० ऑक्टोबरला नेमका हाच इशारा, १० मैल आणि १२ तास, लंडनमध्ये दोन्ही देशांच्या प्रतिनिधींच्या हातात ठेवला गेला. गंमत म्हणजे तेव्हा बहुतेक इस्रायली सैन्य कालव्यापासून १० मैलांच्या आसपासही पोचलं नव्हतं. 'मागे हटा' या आदेशाचा त्यांच्यासाठी अर्थ 'आणखी पुढे या' असा होत होता, आणि इजिप्तला स्वतःच्याच भूमीवरून सरकायला सांगितलं जात होतं. कागद म्हणतो: इजिप्तने नकार दिला तर ३१ च्या पहाटे हल्ला. इथे फरक पडला. ब्रिटिश विमानांनी बाँबफेक त्या दिवशी संध्याकाळी सुरू केली, आणि वाट बघणारे बेन गुरियन अस्वस्थ झाले.

हा छोटा फरक मला महत्त्वाचा वाटतो. एखादा कागद मागाहून बनवलेला असेल तर तो घडलेल्या गोष्टींशी बहुतेक तंतोतंत जुळतो. खरी योजना आणि प्रत्यक्ष कृती यांच्यात मात्र थोडी फट राहते. आपल्याकडेही रीडिंग फारच सुबक आलं की परीक्षक भुवया उंचावतात, त्यातलाच प्रकार.

३१ ऑक्टोबरला लॉइड यांनी संसदेत सांगितलं की इस्रायलशी आधी कुठलाही करार नव्हता. ५ नोव्हेंबरला ब्रिटिश आणि फ्रेंच छत्रीधारी पोर्ट सईदला उतरले, ६ ला समुद्रमार्गे फौजा आल्या, आणि त्याच मध्यरात्री युद्धबंदी करावी लागली. पोर्ट सईदमध्ये शेकडो नागरिक मेले. २० डिसेंबरला ईडन यांनी संसदेत ठामपणे सांगितलं की इस्रायल हल्ला करणार याची आपल्याला पूर्वकल्पना नव्हती. संसदेतलं ते त्यांचं शेवटचं भाषण ठरलं. ९ जानेवारी १९५७ ला त्यांनी राजीनामा दिला, कारण तब्येतीचं दिलं. १९६० मध्ये त्यांच्या आठवणी छापून आल्या. त्यात सेव्रचा उल्लेख नाही.

मग आपल्याला कळलं कसं? एका फटक्यात नाही. पहिले कुजबुजले फ्रेंच. १९५७ मध्येच ब्रोंबेर्जे बंधूंनी, दोघेही पत्रकार, पुस्तक काढलं. फ्रान्समध्ये या कटाची कुणाला फारशी लाज वाटत नव्हती, त्यामुळे तोंडं सैल होती. १९६७ मध्ये नटिंग बोलले. त्यांनी युद्धाच्या वेळीच राजीनामा दिला होता, पण दहा वर्षं गप्प राहिले आणि मग चेकर्सची भेट पुस्तकात लिहून टाकली. १९७६ मध्ये पिनो आणि दायान दोघांनी सविस्तर लिहिलं. १९७८ मध्ये लॉइड यांचं पुस्तक आलं. ते सेव्रला गेल्याचं कबूल करतात, पण 'संगनमत' हा शब्द त्यांना पचत नाही.

आता संशोधकाच्या चष्म्यातून या साक्षी बघा. नटिंग सेव्रला नव्हतेच. शिवाय राजीनामा देऊन बाहेर पडलेला माणूस, आपला निर्णय योग्य होता हे दाखवायची त्याला गरज. दायान यांना इस्रायल फसवला गेला नाही, बरोबरीने बसला, हे दाखवायचं होतं. लॉइड यांना स्वतःला वाचवायचं होतं. प्रत्येकाला काही ना काही हेतू आहे. पण त्यांचे हेतू एकमेकांविरुद्ध जातात, आणि तरी तारीख, जागा, माणसं आणि योजना यांवर ते जुळतात. तीन वेगळ्या उपकरणांनी, तीन वेगळ्या दोषांसह, एकच आकडा दाखवावा तसं. कुठल्याही एका आत्मचरित्रावर थीसिस उभा करू नका, पण आत्मचरित्रं म्हणून फेकूनही देऊ नका.

जानेवारी १९८७ मध्ये तीस वर्षांच्या नियमानुसार १९५६ च्या ब्रिटिश फाइली खुल्या झाल्या. आधी ही मुदत ५० वर्षांची होती. १९६७ च्या कायद्याने ती ३० वर आणली. प्रोटोकॉल त्यात अर्थातच नव्हता. पण २३ ऑक्टोबरच्या मंत्रिमंडळ बैठकीच्या गोपनीय इतिवृत्तात एक वाक्य राहून गेलं होतं: पॅरिसमध्ये इस्रायली प्रतिनिधींशी झालेल्या गुप्त बोलण्यांवरून असं दिसतं की इस्रायल एकट्याने मोठा हल्ला करणार नाही. २५ ऑक्टोबरच्या इतिवृत्तात तर इस्रायलशी संगनमताचा आरोप होईल, तो धोका पत्करावा लागेल, अशी चर्चा आहे. ज्याची पूर्वकल्पनाच नाही, त्याच्या आरोपाची चिंता चार दिवस आधी कोण करतं?

मोठी प्रत जळाली, पण सरकारी यंत्रणा एकच गोष्ट एकाच जागी लिहीत नाही. इतिवृत्त, डायरी, प्रवासाची व्यवस्था, रद्द झालेल्या भेटी, दुसऱ्या खात्याला गेलेली प्रत. हे सगळं एका माणसाला एका दिवसात पुसता येत नाही. पुढे १९९८ मध्ये एडवर्ड हीथ यांनी, जे १९५६ मध्ये सत्ताधारी पक्षाचे मुख्य प्रतोद होते, आत्मचरित्रात लिहिलं की मंत्रिमंडळ सचिव नॉर्मन ब्रूक यांना ईडन यांनी संबंधित कागद नष्ट करायला सांगितल्याचं खुद्द ब्रूक यांनीच त्यांना बोलून दाखवलं. ही साक्ष बोलकी आहे, पण एकट्याची आहे आणि चार दशकांनंतरची आहे. मी ती वापरली तर 'हीथ यांच्या म्हणण्यानुसार' असंच लिहीन. एवढी शिस्त पाळली तरी व्हायव्हामध्ये अर्धे प्रश्न कमी होतात.

आणि अखेर १९९६. चाळीस वर्षं पूर्ण होताना बीबीसीच्या एका माहितीपटासाठी स्दे बोकेर इथल्या बेन गुरियन संग्रहातून प्रोटोकॉलची फोटोकॉपी मिळाली. वेस्टकोटच्या खिशातली तीच प्रत. पुढच्या वर्षी इतिहासकार अवी श्लाइम यांनी त्यावर सविस्तर लेख लिहिला. ब्रिटिश परराष्ट्र धोरणातल्या या वादाचा सगळ्यात भक्कम कागद ब्रिटनमध्ये नव्हताच. तुमचा विषय एका देशाचा, एका खात्याचा किंवा एका संस्थेचा असला तरी समोरच्या पक्षाकडे काय जपलं गेलंय हे शोधा. प्रपोजलमध्ये 'स्रोत' या मथळ्याखाली फक्त एकाच बाजूचा संग्रह लिहिलेला दिसला की मला सेव्र आठवतं.

पण थांबा. प्रोटोकॉल मिळाला म्हणजे सगळं सिद्ध झालं असं नाही. कटात कोण होते, काय ठरलं आणि कधी ठरलं हे तो सांगतो. का ठरलं हे सांगत नाही. ईडन यांनी हे का केलं? एक लोकप्रिय उत्तर असं की ते आजारी होते. १९५३ मध्ये त्यांच्या पित्तनलिकेची शस्त्रक्रिया बिघडली होती, ऑक्टोबर १९५६ च्या सुरुवातीला ते तापाने फणफणले होते, आणि उत्तेजक गोळ्या घेत होते. हे सगळं खरं. पण हे स्पष्टीकरण मला पटत नाही. मोले आजारी नव्हते. लॉइड यांची सर्दी तर खोटीच होती. मंत्रिमंडळातले बहुसंख्य मंत्री ठणठणीत होते आणि त्यांनी मान डोलावली. एका माणसाच्या पित्तनलिकेवर तीन देशांचा निर्णय टांगायचा, तर बाकीच्यांचा हिशोब कसा लावायचा? १९३० च्या दशकातल्या हुकूमशहांची आठवण, अरब जगातली घसरती पत, तेलाची वाट, पक्षातल्या कडव्या खासदारांचा दबाव, हे सगळं आत येतं, आणि त्यातलं कशाला किती वजन यावर इतिहासकार अजून भांडतात.

युद्ध थांबलं का, या प्रश्नाचा पुरावा मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो आकड्यांत आहे. ब्रिटनचा सोने-डॉलर साठा ऑक्टोबरमध्ये ८.४ कोटी डॉलरने घटला, नोव्हेंबरमध्ये २७.९ कोटीने, आणि २ अब्ज डॉलरच्या खाली गेला. पौंड सावरायला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जायचं तर अमेरिकेची संमती हवी, आणि आयझेनहॉवर यांचा निरोप स्पष्ट होता: आधी सैन्य काढा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या ठरावाला ६४ मतं पडली, विरोधात फक्त ५. त्याच आठवड्यात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसत होते. त्याविरुद्ध बोलायला तोंडच राहू नये अशी वेळ आपल्याच मित्रांनी आणली, याचा वॉशिंग्टनला संताप होता. २२ डिसेंबरला शेवटचे ब्रिटिश-फ्रेंच सैनिक पोर्ट सईद सोडून गेले. त्यांची जागा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवानही होते. परकीय चलनसाठ्याचा आकडा दर महिन्याला जाहीर व्हायचा. तो जाळायची सोय नव्हती.

तुमच्यासाठी एक काम. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर १९५६ ची मंत्रिमंडळाची इतिवृत्तं आहेत. मालिका सीएबी १२८. २३, २४ आणि २५ ऑक्टोबरची इतिवृत्तं काढा, शेजारी प्रोटोकॉलचं इंग्रजी भाषांतर ठेवा, आणि एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: मंत्रिमंडळाला काय सांगितलं गेलं, काय अर्धवट सांगितलं, काय सांगितलंच नाही. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात आधी एक गोष्ट येईल: २४ तारखेला सेव्रमध्ये सही झालेला कागद.